तिसऱ्या ओळीतला दुसरा खाना

शनिवारी सकाळी बूश्ता झरवाली विद्याशाखेत यायचा तेव्हा त्याच्या कोटाच्या बाह्यांवर शुक्रवारचा खडू असायचा. आठवडाभर तो ऐन कादूस भागातल्या शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायचा. शनिवारी बस बदलत फेझ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला यायचा आणि आमच्यात बसून विद्यार्थी व्हायचा. पन्नाशी उलटलेला विद्यार्थी. हिवाळ्यात नदीकडून ऑलिव्हच्या घाण्यांच्या काळ्या पाण्याचा आंबूस वास बसमध्येही शिरतो, आणि तो वास त्याच्या मागोमाग जिना चढून वर यायचा. तो कोट खुंटीला लावायचा, खिडकीजवळची खुर्ची घ्यायचा आणि हात चोळत बसायचा.

आमचं काम रिंगांची वर्गवारी करण्याचं. रिंग म्हणजे ज्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतो असं संख्यांसारखं एक जग. भागाकार मात्र तिथे सगळ्यांच्या नशिबी नसतो. त्या जगाच्या आधाराने राहणारी मंडळी म्हणजे मॉड्यूल. थोडे मॉड्यूल सरळ असतात, बरेचसे वाकडे. वाकड्याच्या खाली सरळ घालून त्याला उभं करायचं. मग दोघांमध्ये जी फट उरते तिच्याखाली पुन्हा सरळ घालायचं. पुन्हा फट, पुन्हा भर. कुणाची फट लगेच बुजते, कुणाची काही पावलांनी, कुणाची कधीच नाही. किती पावलं लागली, ती त्या मॉड्यूलची मिती. आणि रिंग कोणत्या प्रकारची, हे ठरवायचं तिच्या आश्रयाला आलेल्यांना किती पावलं लागतात त्यावरून. जगात याहून उपयोगी कामं आहेत. पण फेझमध्ये आम्ही काही माणसं हे काम करतो आणि ते बरं करतो, असं दूरदूरचे लोकही म्हणतात.

चर्चेच्या खोलीच्या भिंतीवर आमच्या प्राध्यापकाने, अब्देलघनी सकल्लीने, स्वतः आखलेला तक्ता होता. ओळ सांगायची की मॉड्यूलची माहिती किती थर खोलपर्यंत मोजक्या शब्दांत देता येते; स्तंभ सांगायचा की जास्तीत जास्त किती पावलं लागतात. प्रत्येक खान्यात बसणारी एखादी रिंग ज्याने शोधली त्याचं नाव त्या खान्यात लिहिलेलं. बूश्ताचं नाव तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या खान्यात होतं, पण पेन्सिलने. तो खाना तसा भरलेला होता. इतिमाद बराडाने, आमच्यातल्या सगळ्यात तिखट बाईने, तो आधीच भरून शाईने सही केली होती. बूश्ताने त्या खान्यात आणखी एक कप्पा पाडला होता: अशा रिंगा, ज्यांच्या तळाशी एक विशिष्ट घटक असतो. तो शून्य नसतो, पण ज्याला उलटा नाही, म्हणजे ज्याने भागता येत नाही, अशा कशानेही गुणलं की मरतो, शून्य होतो. बूश्ता त्याला तळाचा घटक म्हणायचा. आमच्याकडे उदाहरणं बनतात ती एका रिंगला एक मॉड्यूल चिकटवून, आणि त्या चिकटवण्यात असा घटक बहुतेक वेळा आपोआप येतो. म्हणून त्याने ती अट घेतली. त्या कप्प्यातल्या रिंगांवर त्याचा प्रबंध होता.

आमच्या खोलीचा एक रिवाज होता. उदाहरणाशिवाय चहा नाही. कुणी नवी व्याख्या मांडली, प्रमेयं सांगितली, की मागून कुणीतरी म्हणायचं, "उदाहरण?" मग फळ्यावर एक खरीखुरी रिंग लिहून दाखवायची. ती तपासून झाली की इतिमाद खिडकीतल्या शेगडीवरची किटली उचलायची आणि पुदिन्याच्या चहाचा पहिला ग्लास त्या माणसाला. नसेल उदाहरण तर बाकीचे पिणार, तो बघणार. एकदा राबातहून आलेल्या एका तरुणाने तासभर बोलून अशा रिंगांची व्याख्या मांडली की आम्हाला धाप लागली. त्याला उदाहरण देता येईना.

"आ खोया, भावा," इतिमाद म्हणाली, "मांडव घातलास, वाजंत्री आणलीस, पाहुणे जेवायला बसले. नवरी कुठाय?"

"शोधतोय, लल्ला," तो अदबीने म्हणाला.

"मग शोध. तोवर नळाचं पाणी पी, फेझचं पाणी गोड आहे."

तो मुलगा आठवड्याने उदाहरण घेऊन परत आला. रिवाज क्रूर होता पण त्यामागे शहाणपण होतं. आमच्या धंद्यात खोटं बोलण्याची भीती फारशी नाही. खोटी सिद्धता कुणीतरी पकडतोच. भीती आहे ती, जे नाहीच त्याच्याबद्दल खरं बोलत राहण्याची.

बूश्तालाही सुरुवातीला विचारायचे. तो हसून म्हणायचा, "येईल. वाटेत आहे," आणि पाणी प्यायचा. दर उन्हाळ्यात तो रिंगा चिकटवून पाहायचा. दर वेळी तेच. मॉड्यूल एक तर पहिल्याच पावलाला सरळ निघायचा, नाहीतर त्याची फट अनंतापर्यंत चालत राहायची. मधलं काही मिळेना. दोन पावलांत थांबणारा एखादा हवा होता. "माझा हिशेब कच्चा आहे," तो म्हणायचा. "गावाकडचा हात आहे, जड पडतो."

मग त्याची आई गेली. करिया बा मोहम्मदकडच्या त्यांच्या गावी तिला पुरून तो परतला आणि त्याच शनिवारी आला. कुणी सांगितलं होतं यायला? पण तो आला, फळ्यापुढे उभा राहिला आणि एक नवं प्रमेय मांडलं. सुंदर होतं. त्याची सगळीच प्रमेयं सुंदर होती. एकातून दुसरं असं निघायचं, की कुठे ओढाताण नाही, कुठे अपवाद नाही. बोलून झालं. मागून कुणी "उदाहरण?" म्हटलं नाही. तेव्हा सकल्ली स्वतः उठला, किटली घेतली, ग्लास भरला आणि बूश्ताच्या समोर ठेवला. "घे," म्हणाला. बूश्ताने ग्लासाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि प्याला.

त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही. तो बोलायचा, इतिमाद चहा ओतायची. नव्या मुलांना वाटायचं, याचं उदाहरण कधीतरी पूर्वी होऊन गेलं असेल.

सकल्ली आणि तो एकेकाळी एकाच बाकावर बसलेले. सकल्ली फेझमधल्या जुन्या घरातला. पुढे फ्रान्सला गेला, पदवी घेऊन परतला, प्राध्यापक झाला. बूश्ता घरात थोरला, त्याने शाळेत नोकरी धरली, भावंडांना मोठं केलं, आणि सगळे मार्गी लागल्यावर जुन्या मित्राकडे येऊन म्हणाला, "अब्देलघनी, उशीर झाला का?" सकल्ली म्हणाला, "गणिताला उशीर नसतो." असं म्हणतात सगळे. चारचौघांत बूश्ता त्याला उस्ताद म्हणायचा आणि उभा राहायचा. सकल्लीला ते आवडायचं नाही, पण त्याने कधी थांबवलंही नाही.

शेवटी त्या वर्षी विद्यापीठाने जुन्या नोंदण्या बंद करायचं ठरवलं. उन्हाळ्याच्या आत प्रबंध सादर करा, नाहीतर नाव कमी. बूश्ताने जे होतं ते बांधून दिलं. परीक्षकांचे अहवाल आले, दोन्ही चांगले. एकाने लिहिलं, "अत्यंत नीटनेटकं काम." दुसऱ्याने काही ठिकाणचे स्वल्पविराम दुरुस्त केले होते. जुलैच्या आरंभीची तारीख ठरली. बूश्ताने निळा सूट शिवायला टाकला. त्याची बायको तामू बहिणींना घेऊन बदाम सोलायला बसली, कारण आमच्याकडे पदवीच्या दिवशी परीक्षकांना आणि पाहुण्यांना घरचं गोड खाऊ घालतात, आणि ते कमी पडलं तर पदवीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते.

जूनमध्ये शालान्त परीक्षा. शिक्षकांना दुसऱ्या शाळांत पहारा द्यायला पाठवतात. बूश्ताला बाब फतूह वेशीच्या बाजूची एक शाळा मिळाली. पहारेकऱ्याने बसायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. हातात कागद दिसला तर निरीक्षक टिपून घेतो. खिडकीबाहेर टेकडीवर कबरी. आत गरम हवा ढवळणारा पंखा आणि घामेजलेली मुलं. बूश्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिला.

वर्षानुवर्षं त्याने या प्रश्नाचा विचार हातात पेन घेऊन केला होता. पेन हातात असलं की तो चिकटवायला लागायचा. आम्ही सगळेच लागतो. त्या दिवशी हात रिकामे होते. चिकटवता येत नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. समजा, असा एक मॉड्यूल आहे जो दोन पावलांत थांबतो. शेवटच्या पावलात काय होतं? शेवटचा थर त्याच्या आधीच्या थरात बसतो, आणि बसताना काहीही हरवत नाही. म्हणूनच तर तो शेवटचा. तो कसा बसतो हे सांगणारं संख्यांचं एक कोष्टक असतं. नको ती भर काढून टाकली की त्या कोष्टकातली एकही संख्या उलटवता येण्यासारखी उरत नाही. आता शेवटच्या थरात तळाचा घटक ठेव. तो शून्य नाही. आणि कोष्टकातल्या कोणत्याही संख्येला भेटला की मरतो. म्हणजे पलीकडे शून्य पोचतं. म्हणजे हरवलं. म्हणजे ते शेवटचं पाऊल नव्हतंच.

तो भिंतीपाशी थांबला. पुन्हा पहिल्यापासून चालला. दुसऱ्या भिंतीशी पोचेपर्यंत ते पुन्हा तसंच आलं. ज्या रिंगच्या तळाशी असा घटक आहे, तिथे शेवटचं पाऊल असूच शकत नाही. एक तर पाऊल टाकावंच लागत नाही, नाहीतर चालणं संपत नाही. त्याच्या कप्प्यात एकही रिंग नव्हती. कधीच नव्हती. ज्या घटकाच्या जोरावर त्याच्या सगळ्या सिद्धता इतक्या सुरळीत चालत होत्या, त्यानेच तो कप्पा रिकामा ठेवला होता.

"सी बूश्ता," सोबतचा पहारेकरी दारातून अदबीने कुजबुजला, "मागच्या रांगेत बघा की जरा. तो लाल शर्टवाला मांडीवरच्या फोनला नमाज पढतोय मघापासून."

बूश्ताने मागच्या रांगेकडे पाहिलं. त्याला काहीच दिसलं नसावं. निरीक्षक आला तेव्हा फोन सापडला आणि बूश्ताला समज मिळाली. ती त्याने मान खाली घालून ऐकली. पुढे त्याने मला सांगितलं की निरीक्षक बोलत होता तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट चालली होती: रिकाम्या जागेबद्दल काहीही सिद्ध करता येतं. त्याने प्रत्येक प्रमेयाचं उलटं केलं असतं, तरी तेही तितक्याच सुंदरपणे सिद्ध झालं असतं. त्याला वाटत आलं होतं की आपल्या रिंगा फार समजूतदार आहेत. कशालाच नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो सकल्लीच्या घरी गेला. सकल्ली गच्चीवर जिरॅनियमला पाणी घालत होता. हे सगळं पुढे सकल्लीनेच मला सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा, जणू सांगून सांगून त्याचा शेवट बदलेल.

"अब्देलघनी, माझ्याकडे कोणीच नाही."

"तामू गावी गेली?"

"कप्प्यात. कप्प्यात कोणी नाही."

सकल्लीने झारी खाली ठेवली. बूश्ताने हातवारे करून सांगितलं. कागद लागलाच नाही. सकल्ली गच्चीच्या कठड्याला टेकला आणि खालच्या छपरांकडे बघू लागला. त्याला लगेच दिसलं होतं. त्याला दिसायला इतकी वर्षं का लागली, हे मात्र त्याला तेव्हा दिसेना.

"प्रमेयं खोटी नाहीत," तो म्हणाला.

"एकही नाही. सगळी खरी आहेत. फक्त ज्याच्याबद्दल आहेत तो नाही."

"तळाची अट काढून टाक. मग इतिमादची रिंग आहेच की."

"प्रत्येक सिद्धतेत दुसऱ्याच ओळीला तो तळाचा घटक आहे. काढला तर काय उरतं? विषयाचं नाव आणि आभार."

"बूश्ता, ऐक. अहवाल आलेत. तारीख लागली आहे. परीक्षकांतला कुणी हे विचारणार नाही."

"माहीत आहे. मला कुणी विचारत नाही."

सकल्लीने झारी पुन्हा उचलली.

"चहा का दिलास रे मला?" बूश्ताने विचारलं. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी. आईला पोचवून आलो होतो तेव्हा. मला तहान नव्हती."

"तू दमलेला होतास."

"राबातच्या पोराला पाणी पाजलंत. तो आठवड्यात उदाहरण घेऊन आला. मला पाणी पाजलं असतंत तर मी तेव्हाच... तेव्हा माझ्या अंगात जोर होता, अब्देलघनी."

"तू माझा मित्र आहेस."

"हो ना," बूश्ता म्हणाला. "तेच झालं."

जाताना सकल्लीने त्याला दारात धरलं. म्हणाला, पदवी घे, मग पुढच्या महिन्यात आपण दोघं मिळून हे लिहू, 'एक टिपण' म्हणून. अशी पुष्कळ होतात, कुणी मरत नाही. बूश्ताने त्याचा हात हळूच बाजूला केला आणि खाली उतरला.

घरी स्वयंपाकघरात बदामाचं सारण भरलेल्या चंद्रकोरी परातीत मांडल्या होत्या. तामू नारंगीच्या फुलांच्या पाण्याने हात ओले करून आणखी वळत होती. बूश्ता दारात उभा राहिला.

"सरक, उजेड अडवू नकोस," ती म्हणाली. "सूट आणलास?"

"तामू, ते होणार नाही."

तिने एक चंद्रकोर पूर्ण वळली, परातीत ठेवली, मग विचारलं, "कुणी अडवलं? सकल्लीने?"

"कुणी नाही. मीच. सगळं रिकामं निघालं."

"रिकामं म्हणजे? खोटं?"

"खोटं नाही."

"चोरलेलं?"

"नाही गं."

"मग काय झालं? अरे माणसा, या शहरात लोक रिकाम्या डोक्याचे डॉक्टर झालेत. तुझा नुसता कागद रिकामा आहे, तर लगेच तुला लाज वाटायला लागली?"

तो हसला. ती हसली नाही.

"समजावून सांग मला," ती म्हणाली. "सोपं करून नको सांगू, मी तुझी विद्यार्थिनी नाही."

तो तिथेच पिठाच्या पोत्यावर बसला आणि त्याने सांगितलं. एका गावाचे कायदे लिहिले, म्हणाला. पाण्याचे, लग्नाचे, वारशाचे. एकही कायदा दुसऱ्याला छेद देत नाही. आणि ते गाव नाही.

"मग एक घर बांध तिथे," तामू म्हणाली.

"जागा नाही बांधायला. तेच तर सिद्ध झालंय."

ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर पाणी होतं. "मला तुझी पदवी नको होती," ती म्हणाली. "मला कधीच नको होती. पण शनिवार माझे होते. पोरं लहान असतानाचे. आपल्या उमैमाला ताप आला होता तेव्हाचा. माझ्या भावाचं लग्न होतं तेव्हाचा. मी दिले. आता तू म्हणतोस, जिथे पाठवले तिथे कोणी नव्हतं. मग ते गेले कुठे, एवढं सांग."

बूश्ताने उठून हात धुतले. त्याने तिच्यासोबत उरलेल्या चंद्रकोरी वळल्या. वाईट वळल्या, त्याचा हात खरंच जड होता. त्या सगळ्या तामूने शेजारीपाजारी वाटून टाकल्या. एक ताट माझ्या घरीही आलं. लोक विचारायला लागले, पदवी झाली का, तर ती म्हणायची, "बदाम खराब होणार होते."

पदवीच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे तालीम असते. बूश्ता येणार नाही असं सकल्लीला वाटलं होतं. तो आला, निळा सूट घालून. शिंप्याकडून आणावाच लागला, म्हणाला, पडून राहिला तर कसर लागते. त्याने आपली व्याख्या फळ्यावर लिहिली. तिच्याखाली प्रमेयं नाही लिहिली. अडीच ओळींची सिद्धता लिहिली, की या व्याख्येत बसणारी रिंग नाही. मग खडू ठेवून तो आमच्याकडे वळला आणि वाट पाहत उभा राहिला, जसं कुणी प्रश्न विचारण्याची वाट पाहतं.

कुणी काय विचारणार होतं? मागे बसलेल्या एका मुलाने चुकून टाळी वाजवली आणि थांबला.

सकल्ली म्हणाला, "हे या खोलीबाहेर जायची गरज नाही. मी पुन्हा सांगतो, बूश्ता. गरज नाही."

"खोलीबाहेरच आहे ते, उस्ताद," बूश्ता म्हणाला. "ज्याला दिसेल त्याचं आहे."

इतिमाद खिडकीजवळ उभी होती. तिच्या जिभेला त्या दिवशी काही सुचेना. शेगडी बारीक करून म्हणाली, "सी बूश्ता, हेही एक प्रमेयच आहे."

"आहे ना, लल्ला. पण फार लवकर संपतं."

तो खाली उतरून भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेला. आपलं पेन्सिलीतलं नाव खोडायला त्याने बोट ओलं केलं, पण ते इतकं जुनं झालं होतं की नुसता धब्बा पसरला, आणि इतिमादच्या शाईतल्या सहीवरही थोडा गेला. तो तिला "माफ करा" म्हणाला. ती म्हणाली, "राहू द्या हो, राहू द्या." खुंटीवरून घ्यायला कोट नव्हता, कारण जुलै होता. तो गेला.

सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने जुन्या नोंदण्या बंद केल्या. बूश्ताचं नाव कमी झालं. शाळेत कुणाला काही कळलं नाही. तिथे तो आधीही सी बूश्ताच होता, नंतरही. मुलं सांगायची की तो आता जास्त चिडतो. एखाद्याने फळ्यावर "समजा असा एक त्रिकोण घेतला" असं म्हटलं की हा मध्येच थांबवायचा: "आधी काढून दाखव." त्रिकोण काढता येतो, मुलं काढायची, आणि त्याला बरं वाटायचं. शनिवारी तो घरी असायचा. सुरुवातीला तामूला ते सोसेना. ती म्हणायची, घरात सवय नसलेला माणूस फिरतोय असं वाटतं. तो गॅसची टाकी बदलायचा, मसूर निवडायचा, बाजारात जाऊन तिच्या मनाविरुद्ध कोथिंबीर आणायचा. सकल्ली दोनदा त्याच्या घरी जाऊन आला. दुसऱ्या वेळी दोघं दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना बघत बसले, आणि एक शब्दही गणितावर झाला नाही. परतल्यावर सकल्ली मला म्हणाला, "त्याने मला माफ केलंय. आता माझ्याकडे काहीच उरलं नाही." मला ते पूर्ण समजलं असं म्हणवत नाही.

बूश्ताच्या निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एका दूरच्या देशातल्या कुणाचा तरी एक लेख आमच्या हाती आला. विषय जवळचा होता. पाचव्या पानावर, दोन मोठ्या प्रमेयांच्या मधल्या जागेत, एक वाक्य होतं: "तळाशी असा घटक असेल, तर या वर्गात एकही रिंग नसते, हे सहज दिसते." पुढे सिद्धता नव्हती. आमच्या धंद्यात जे सहज दिसतं त्याची सिद्धता देत नाहीत. लेखकाला आमच्यापैकी कुणी माहीत नव्हतं. त्याला ते खरंच सहज दिसलं होतं.

ते बूश्ताला दाखवावं की नाही यावर आम्ही वाद घातला. सकल्ली नको म्हणाला. इतिमाद म्हणाली, "पुन्हा त्याच्यावर दया? एकदा केलीत ती पुरे नाही झाली?" आणि ती लेख घेऊन ऐन कादूसला गेली. मी तिच्यासोबत होतो. पाऊस पडत होता, जिन्यात कुणाचे तरी ओले रग वाळत घातलेले. बूश्ताने आम्हाला आत घेतलं, चष्मा शोधला, खिडकीशी उभा राहून पान वाचलं. बोटाने त्या वाक्याखाली रेघ ओढल्यासारखं केलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सहजच आहे."

तामू बेसाऱ्याच्या वाट्या घेऊन आली. वाटाण्याच्या घट्ट रश्शाची वाफ, वर तेल आणि जिरं. तिने वाट्या मांडल्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. मला जे सापडलं ते याला पण सापडलं."

"तुझं नाव आहे?"

"नाही. कुणाचंच नसतं अशा वाक्याला. लिहिलंय की हे कुणालाही दिसेल."

"कुणालाही?" तामू म्हणाली. तिने इतिमादकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही वाटीत बघत होतो. "तुम्ही इतके जण बसायचात ना रे तिथे, दर शनिवारी?"

बूश्ताने पान नीट घडी घालून इतिमादला परत दिलं. "लेखक तरुण आहे का?" त्याने विचारलं.

"असावा. पहिलाच लेख दिसतोय."

"बरं झालं," बूश्ता म्हणाला. "त्याला एका वाक्यात सुटता आलं." मग त्याने पाव मोडला, आधी आम्हाला दिला, तामूला दिला, आणि खाली मान घालून जेवायला लागला. तो पाव कोरडाच चावत होता. तामूने ते पाहिलं, आणि वाटी त्याच्या थोडी जवळ सरकवली.